चौथा बुधवार

नवीन पनवेल
२५ नोव्हेंबर २०१०

प्रिय किशोरी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या मुख्याध्यापकांना वाटेल, जिल्हा परिषदेचं परिपत्रक आलं. फोन करायचा नाही असं आमच्या रुचिराने मला बजावलंय, आणि तुझा फोन ती तपासत असणार, कारण माझाही तपासायची. तिकडे येण्याचं तर नावच नको. "तू मोऱ्याला आलीस तर मी लाँचमध्ये बसून मुंबईला जाईन आणि पुन्हा सापडणार नाही," असं ती शनिवारी दारातून म्हणाली. म्हणून डीएडचं हॉस्टेल सुटल्यावर सव्वीस वर्षांनी मी तुला पत्र लिहिते आहे.

माझी पोरगी तुझ्या दारात का आली, हे तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे. आता सगळं सांगते. दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले नैराश्य. दुसऱ्यांनी वेगळंच नाव सांगितलं आणि गोळ्या बदलल्या. तिसऱ्यांनी जुलैमध्ये तिच्याशी चार वेळा तासतासभर बोलून सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आमच्या गुरुदत्तना केवढा आनंद! त्यांच्या वडिलांची शुगर पंधरा वर्षं बॉर्डरलाइनला होती आणि ते रोज जिलबी खायचे. डॉक्टर म्हणाले, नावावर जाऊ नका, हा थोडासा आजार नाही. या मुलांना भावना फार जोरात येतात आणि फार वेळ राहतात. आपलं माणूस सोडून जाईल ही भीती कायम असते. ते सगळं सोसेना झालं की ती स्वतःलाच इजा करतात. रुचिराने केली आहे. पोरगी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ड्रेस का घालते, हे मला, तिच्या आईला, वर्षभर कळलं नाही.

औषध आहे का, तर गोळी थोडीशी, झोपेपुरती. खरा उपचार म्हणजे बोलणं आणि शिकणं. इथे पनवेलमध्ये समृद्धी मॅडम आहेत. दर बुधवारी साडेअकराला आधी तिचं एकटीचं बोलणं आणि मग पाच-सहा जणांचा वर्ग. मनात काय चाललंय ते ओळखायचं कसं, काही करून बसायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं कसं, राग आला तरी नातं न तोडता बोलायचं कसं, हे तिथे चक्क फळ्यावर शिकवतात. ऑगस्टपासून ती जात होती. दृष्ट नको लागायला, पण बरं चाललं होतं.

आता मुद्द्याचं. त्यांचा एक नियम आहे, सलग चार बुधवार चुकले की नाव कमी. पुन्हा घ्यायचं की नाही ते वर्षभराचा हा वर्ग संपल्यावर बघतात. काल पहिला चुकला. चौथा पंधरा डिसेंबरला येतो. किशोरी, गोड बोल, रागाव, काहीही कर, पण तिला बुधवारी पनवेलच्या एसटीत बसव.

ती घरातून का निघाली असं विचारशील. काही विशेष नाही. नेहमीसारखंच काहीतरी झालं.

तुझी,
नीता

---

मोरा
२९ नोव्हेंबर २०१०

नीताबाई,

आपलं परिपत्रक मिळालं. सध्या कार्यवाही करता येत नाही, क्षमस्व.

अगं, किती घाबरलीयेस! तुझी पोरगी म्हणजे सोनं आहे सोनं. सकाळी माझ्या सासूबाईंबरोबर धक्क्यावर मासळी घ्यायला जाते, मग त्यांच्याबरोबर उरणच्या बाजारात बसते. परवा मांदेलीला बोंबील म्हणाली आणि अख्खा बाजार हसला. तीही हसली. तुमच्या घरात मासा शिजत नाही आणि ही सासूबाईंच्या टोपलीतले वाटे लावते, पाच रुपयेसुद्धा चुकत नाही. संध्याकाळी आमच्या ह्यांना, काळूरामपंतांना, द्रोणागिरीहून गोदामातली पाळी संपवून यायला उशीर झाला, तर ही चहाचं आधण ठेवून दारात उभी. माझ्या पोटच्या पोरांनी कधी असलं केलं नाही.

आजाराचं नाव मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजार कुटं हाय गो? पोरीला भूक लागते, नीज लागते, हासते. मंग आजार कसला?" मलाही तसंच वाटतं, रागावू नकोस. हल्ली प्रत्येक स्वभावाला डॉक्टर एक नाव देतात. आपल्या वेळी माणूस तापट म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

बुधवारचं मी काढलं होतं. पनवेल म्हटलं की तिचा चेहराच बंद होतो, म्हणून मी म्हटलं राहू दे. हवापालट होऊ दे थोडी. आणि एक सांगते, तुझ्याशी लपवाछपवी कशाला? काल भाकरी थापत होते तेव्हा ती मागून येऊन गळ्यात पडली आणि मला 'आई' म्हणाली. म्हणाली, तुझ्यासारखं मला कुणी समजूनच घेतलं नाही. तू तिला घरात नक्की काय म्हणतेस गं? आपण मास्तरणी घरी गेल्यावरसुद्धा मास्तरणीच राहतो, हे मी माझ्यावरून सांगते.

काळजी नको. इथे आहे तोवर माझ्या डोळ्यांसमोर आहे.

किशोरी

---

नवीन पनवेल
२ डिसेंबर २०१०

प्रिय किशोरी,

काल दुसरा बुधवार गेला.

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. 'आई' शब्दाशी दर वेळी अडकले. मला राग आला, तिचा नाही, तुझा. मग वाटलं, राग कसला, पोरगी कुठेतरी हसते आहे ना! मग परत राग. मॅडम म्हणतात, रुचिराच्या मनात दिवसात असं वीस वेळा होतं. माझं दोनदा झालं तर मी वर्गात फळ्यावर चुकीची तारीख लिहिली.

आता माझं नीट ऐक. तू आज तिची आई आहेस. पुण्याच्या हॉस्टेलमधली तिची मैत्रीण अशीच तिची जीव की प्राण होती. एकदा ती हिला न सांगता सिनेमाला गेली आणि त्या दिवशी जगात तिच्याइतकं वाईट कुणी उरलं नाही. मग बेलापूरच्या ऑफिसातल्या साहेबीणबाई. मग प्रितेश. त्याच्याशी लग्न ठरायच्या बेतात होतं. एका संध्याकाळी त्याने फोन उचलला नाही, तर हिने त्याला चाळीस मेसेज केले, शेवटी 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' लिहिलं आणि तो खरंच दिसेनासा झाल्यावर आठवडाभर जेवली नाही. ती नाटक करत नाही, किशोरी. मीही आधी तसंच म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, "ती जे म्हणते ते त्या क्षणी तिला शंभर टक्के खरं वाटतं. तुम्ही खरंखोटं ठरवायला बसू नका. तिला किती लागलंय ते आधी ऐका."

हे मला समजत नाही. जे घडलंच नाही ते घडलं म्हणाली, तर ऐकून घ्यायचं? मूल सात पाचे तीस म्हणालं तर आपण 'तुला तसं वाटणं स्वाभाविक आहे' म्हणतो का? घरच्यांसाठीही त्यांचा एक वर्ग असतो. मी एकदा गेले आणि अर्ध्यातून उठून आले. आजार तिला आहे, शिकायचं मी का, असं वाटलं. आता एकटी असते तेव्हा वाटतं, बसायला हवं होतं.

एक सरळ प्रश्न विचारते, सरळ उत्तर दे. तिच्या हातावर नवीन काही दिसलं का?

नीता

---

मोरा
६ डिसेंबर २०१०

नीता,

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं ठीक.

काल रविवारी मला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं होतं. चारला येते म्हणून गेले, सहा वाजले. फोनची बॅटरी संपलेली. घरी आले तर रुचिरा बॅग भरून ओटीवर बसलेली. मला बघून म्हणाली, "तूपण तसलीच निघालीस. नकोशी झाले असेन तर तोंडावर सांग." मी हसण्यावारी नेलं, तेच चुकलं. मग जे ऐकलं ते लिहवत नाही. शेजारच्या चार बायका बाहेर आल्या. आणि पाऊण तासाने तीच पोरगी स्वयंपाकघरात माझे पाय धरून, "मला टाकू नकोस, मावशी, मी वाईट आहे," म्हणून रडत होती. दुपारी मी आई होते, संध्याकाळी सटवी, जेवताना पुन्हा आई. मला स्वतःलाच कळेना मी कोण.

तेव्हा तू लिहिलंस ते थोडं पटलं. सगळं पटलं असं नाही. कारण ती रडताना एक म्हणाली. म्हणाली, "आईने माझ्यावर लाल पेन चालवलं." मी विचारलं, म्हणजे काय गं? तर तोंड धुवायला निघून गेली. नीता, तू काय केलंस? पहिल्या पत्रात 'काही विशेष नाही' लिहिलंस. मला एक ती सांगते, एक तू सांगतेस, मी मधल्या मध्ये कुणावर विश्वास ठेवू?

परवाच्या बुधवारचं बघते. शब्द देत नाही.

किशोरी

---

नवीन पनवेल
९ डिसेंबर २०१०

प्रिय किशोरी,

कालचा तिसरा.

सांगते. लाज वाटते, पण सांगते. मॅडम त्यांना एक कागद देतात. रोज रात्री भरायचा, आठवड्याचा एक तक्ता. राग किती, दुःख किती, लाज किती, स्वतःला इजा करावीशी वाटली का, किती वाटली, शून्य ते पाच. शेवटी दोन ओळी लिहायला जागा. बुधवारी तो मॅडमना दाखवायचा. तो फक्त त्या दोघींचा.

त्या शनिवारी ती अंघोळीला गेली होती आणि दिवाळीच्या आठवड्याचा, मॅडमना दाखवून झालेला कागद पलंगावर होता. मी वाचला. भाऊबीजेच्या दिवसासमोर तिने 'इजा करावीशी वाटली' या रकान्यात पाच लिहिले होते. पाचपैकी पाच, किशोरी. त्या दिवशी माझा भाऊ आला होता, आम्ही चकल्या खात गच्चीवर बसलो होतो, फोटोत ती हसते आहे. खाली तिने लिहिलं होतं, 'आई सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. मी या घरात जास्तीची आहे.' मी ओरडले नव्हते. 'ताट उचल गं' म्हटलं होतं. माझ्या हातात सहामाहीचे पेपर तपासायचं लाल पेन होतं. माझ्या हाताने त्या पाचावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'असे झाले नव्हते. सर्व जण आनंदात होते.'

खाली सहीसुद्धा केली असती मी. सव्वीस वर्षं हेच करते आहे. चूक दिसली की हात थांबत नाही. ती बाहेर आली, कागद बघितला, बॅग भरली. आरडाओरडा केला असता तरी मला कळलं असतं काय करायचं.

हे मी गुरुदत्तना सांगितलं नाही. मॅडमनाही नाही. तुलाच पहिलं.

आता तुझं. मी विचारलं होतं, तिच्या हातावर काही दिसलं का. तू रविवारचं रामायण लिहिलंस, बुधवारचं लिहिलंस, त्या प्रश्नाचं उत्तर नाही. वर्गात हुशार मूल एखादाच प्रश्न सोडून देतं, तेव्हा त्याला उत्तर येत नसतं असं नाही. ते त्याला द्यायचं नसतं.

सहा दिवस राहिले.

नीता

---

मोरा
११ डिसेंबर २०१०

नीता,

हे पोस्टात टाकत नाही. उद्या आमचे हे कोनला कुणाच्या तरी साखरपुड्याला जात आहेत, त्यांच्या हाती देते, वाटेत तुझ्याकडे येतील. समृद्धी मॅडमचा फोन तुला काल आलाच. रुचिरा ठीक आहे, आमच्यातच आहे, तुम्ही धावत जाऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं. बाकीचं सांगायचं काम माझं.

तिच्या हातावर मी दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं. कपडे वाळत घालताना बाही वर गेली. ताजं होतं. तिने माझा हात धरून तिथल्या तिथे मला शपथ घातली, एकवीरा आईची शपथ, माझ्या आईला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. तू म्हणशील, एवढी शिकलेली बाई तू, विज्ञान शिकवतेस. शिकवते. पण आमच्या घरात त्या नावाची शपथ मोडत नाहीत. माझे सासरे होडी घेऊन गेले की सासूबाई त्याच नावावर दिवस काढायच्या. मला वाटलं, पोरीने विश्वास टाकलाय, तो राखला की तीच बरी होईल. तुला 'लपवाछपवी कशाला' लिहिलं तेव्हा लपवतच होते.

काल दुपारी तुझं पत्र शाळेत मिळालं. 'ते त्याला द्यायचं नसतं' वाचलं आणि पुढचा तास घेता येईना. मधल्या सुट्टीत घरी आले. शपथ मोडायची नाही तर एकच वाट, जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणायचं. मी तिला तसं सांगितलं आणि त्याबरोबर तुझी-माझी पत्रं चालू आहेत हेही सांगितलं. अर्धं सांगून पुन्हा अडकायचं नव्हतं.

तिने बॅग उचलली. लाँचवर जाते म्हणाली. सासूबाई बाजारातून नुकत्या आलेल्या, त्यांनी बॅग धरली. ओढाओढीत पुडकं पडलं. साठवलेल्या गोळ्या. मला तेव्हा कळलं, मी कसली शपथ पाळत होते.

माझी सासू सही करायला अंगठा लावते. तिने बाजारात कधी गिऱ्हाइकाशी वाद घातलेला मी पाहिला नाही. गिऱ्हाईक कावलं तर म्हणते, "बरोबर हाय ताई, म्हाग हाय," आणि भाव एक पैसा सोडत नाही. काल रुचिरा किंचाळत होती, "तुम्ही सगळ्या एक आहात, फसवलंत मला." सासूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुजं. फसवलं आमी. राग येनारच गो बाय." रुचिरा म्हणाली, "मग गोळ्या द्या." त्या म्हणाल्या, "गोल्या नाय मिलनार." "मला मरायचंय." "लय दुखतंय तुना, दिसतंय मना. गोल्या नाय मिलनार." असं किती वेळ चाललं सांगू! त्यांच्या जागी मी असते तर समजूत घातली असती, रडले असते, आणखी दहा वचनं दिली असती. त्या फक्त तेच बोलत होत्या, आणि पुडकं कमरेला खोचलेलं.

मग कधीतरी ती खाली बसली. स्वतःच म्हणाली, मॅडमना फोन लावा. मॅडमनी तिला असं काही झालं की आधी फोन करायचा असं शिकवलंय म्हणे. अर्धा तास बोलली. मॅडमनी पुडकं कुठे ठेवायचं, तिला एकटं कसं सोडायचं नाही, सगळं मला आणि सासूबाईंना समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुटली." म्हणून हे लिहू शकते.

तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी आता मावशीसुद्धा नाही.

किशोरी

---

१२ डिसेंबर, तुझे यजमान बाहेर बसलेत

किशोरी,

तीन आठवडे. तीन आठवडे तुला माहीत होतं. माझी मुलगी गेली असती तर शपथ पाळली म्हणून मला दाखवायला आली असतीस?

मला आत्ता काही समजून घ्यायचं नाही. पुडकं सासूबाईंकडेच असू दे.

नीता

---

मोरा
१३ डिसेंबर २०१०

नीता,

बरोबर आहे तुझं.

बुधवारी ती यायला तयार आहे. मी आणायचं नाही, सासूबाईंनी आणायचं. तिची अट एकच, तू तिथे असायचंस आणि तो कागद आणायचास. खरंच सांगते, तुम्ही दोघी समोरासमोर येणार याची मला भीती वाटते.

किशोरी

---

नवीन पनवेल
१६ डिसेंबर २०१०

प्रिय किशोरी,

मी अजून रागावलेली आहे. पण तू वाट बघत असशील आणि मला हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

साडेअकरा वाजले, आल्या नाहीत. पावणेबारा. मी आणि गुरुदत्त बाकड्यावर. मॅडम दोनदा दारातून डोकावल्या. मी विचारलं, उशीर झाला तर धरतात ना? त्या म्हणाल्या, आली तर धरू. बाराला दहा कमी असताना जिन्यावर तुझ्या सासूबाईंचा आवाज, "कवरं जिनं हायत गो!" आणि मागून रुचिरा. एसटी जासईला अडकली होती. तिने मला पाहिलं आणि गुरुदत्तच्या पलीकडे बसली.

आत मॅडमनी मला विचारलं, काय सांगायचंय? मी रात्रभर पाठ केलं होतं. सगळं विसरले. कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "तू पाच लिहिले होतेस. मी काट मारली. मला ते पाच बघवले नाहीत." रुचिरा म्हणाली, "पण तू ओरडलीस त्या दिवशी." माझ्या जिभेवर आलं होतं, किशोरी, अगदी टोकावर, 'मी फक्त ताट उचल म्हटलं.' तुझ्या सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांचं 'बरोबर हाय ताई' आठवलं. मी म्हटलं, "तुला फार लागलं असणार." एवढंच. मी ओरडले असं काही मी कबूल केलं नाही, कारण मी नव्हते ओरडले. पण ते सांगितलंही नाही. तिने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. मी बोलले ते खरं की खोटं, मला अजून ठरवता येत नाही. मॅडम म्हणाल्या, दोन्ही खरं असू शकतं. मी मान हलवली. मला कळलेलं नाही.

नाव राहिलं. पटावर आहे ती.

खरी परीक्षा पुढे होती. खाली आल्यावर तुझ्या सासूबाई उरणच्या एसटीकडे निघाल्या, पुडकं मॅडमकडे देऊन. रुचिरा म्हणाली, मी घरी येते. रिक्षात तिने माझा हात हातात घेतला. वर्षभरात पहिल्यांदा. खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "तूच माझी आई. किशोरीमावशी खोटारडी आहे, पाठीत सुरा खुपसला तिने. तिच्याशी आता बोलायचं नाही हं आपण. बोल ना, बोलणार नाहीस ना?"

मी तुझ्यावर किती चिडलेली होते तुला माहीत आहे. हो म्हणणं खोटंसुद्धा झालं नसतं. आणि एक 'हो' म्हटलं की पोरगी माझी. महिनाभर मी दुसरं काय मागत होते? तिच्या केसांना मासळीचा वास येत होता आणि मला तोही गोड वाटत होता.

मी म्हटलं, "तुला तिचा राग आलाय. मलाही आलाय. पण ती खोटारडी नाही आणि मी तिच्याशी बोलणं सोडणार नाही."

तिने हात काढून घेतला. डोकं काढलं. घरी येऊन खोलीचं दार आपटलं. गुरुदत्त म्हणाले, आज तरी हो म्हणायचं होतंस, कुठे बिघडलं असतं? रात्री जेवायला आली नाही. मी दाराबाहेर बसून होते. आतून रडण्याचा आवाज आला की बरं वाटायचं, थांबला की जीव जायचा. कुठल्या आईला पोरीचं रडणं ऐकून बरं वाटतं? मी काही चुकीचं तर करत नाही ना, किशोरी? मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, कळेल हळूहळू, यातून माणसं बरी होतात, पण वर्षं लागतात. मला आज कळायला हवं आहे.

आज सकाळी ती उठून स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. चहा घेतला. मी सांगितलं, मी मावशीला पत्र लिहायला बसते आहे, लपून नाही, तुझ्यासमोर. तिने कप धुवून ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "माझंपण एक लिही." तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते:

"मावशीला सांग, मला तिचा खूप राग आलाय. संक्रांतीला मोऱ्याला येईन, तेव्हाही असेल. पण येईन."

नीता